आयतच्या बर्फाच्या बुटांना फ्रीजचा रंग

सोलापूर, विजापूर वेशीजवळून
(दुकानातच बसून लिहितोय, गिऱ्हाईक आलं तर मध्येच थांबेन)

आदरणीय माजिदाआपांना धाकट्या अतीकचा सलाम पोचावा.

आपण, दूल्हेभाई आणि ताबीश त्या गार मुलखात खुशाल असाल, ताबीशचा खोकला गेला असेल आणि दूल्हेभाईंची कंबर आता त्यांचं ऐकत असेल, अशी आशा करतो. इकडे अल्लाच्या कृपेने सगळे बरे आहेत. अब्बांची साखर ताब्यात आहे, अब्बा स्वतः नाहीत. तुझ्या भावजयीचं, आरजूचं, पार्लर लग्नसराईमुळे जोरात आहे आणि माझे फ्रीज-कूलर उन्हाळ्यामुळे. (हे 'आपण-आपण' मला पुढं झेपायचं नाही, आपा. मायना आदरानं लिहायचा असं महापालिकेच्या शाळेत शिकवलं होतं, तेवढा लिहिला. इथून पुढं 'तू'.) पत्र उर्दूत लिहायला हवं होतं, पण तुला ठाऊक आहे, मी उर्दू बोलतो झकास, वाचतो अडखळत आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. आणि फोनवर का नाही, तर फोनवर मी तोंड उघडलं की तू पहिल्याच वाक्याला "म्हणजे बूट खराब केलेस ना?" असं विचारतेस आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून शेंगाचटणीच्या पार्सलात हे पत्र घालतोय. कागदाला तेल लागलं असेल तर तेवढं चालवून घे. बूट खराब केले का, तर त्याचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे, आणि ते एका वाक्यात मावत नाही.

ताबीशला लहान झालेले बर्फावरचे बूट तू पाठवलेस ते थंडीत पोचले. (सोलापुरात थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचा.) खोकं उघडलं आणि घरातले सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. काळं कुळकुळीत चामडं, घोट्याच्या वर जाणारी उंची आणि खाली हे एवढं लखलखीत पातं. अब्बांनी चष्मा लावला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, ये जूते हैं क्या छुऱ्या?" त्यांना वाटलं तू बकरी ईदसाठी तिकडची काहीतरी नवीन वस्तू पाठवलीस. आयत मात्र खोक्यापासून हललीच नाही. तुझी भाची चाकांच्या स्केटवर होटगी रोडच्या रिंगणात कशी उडते ते तू व्हिडिओत बघितलंच आहेस. पण बर्फावर ती कधी उभी राहिली नव्हती, राहणार तरी कुठं? आपल्याकडं बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर माझ्या दुकानात आलेल्या फ्रीजमध्ये साचलेला, आणि दोन्हीवर माणूस उभा राहत नाही. मग ती ते बूट घालून गादीवर चालायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गादीला किती भोकं पडली ते आरजूनं तुला सांगितलं नसेल तर मीही सांगत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर तिचे कोच धुळाप्पा सर घरी आले. हे अक्कलकोटकडचे, बोलताना सुरुवात मराठीत करतात आणि रागावले की कन्नडमध्ये उतरतात, त्यामुळं शेवटचं आणि महत्त्वाचं आम्हाला कधीच कळत नाही. त्या दिवशी रागात नव्हते. दिल्लीजवळ एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे, तिथं पोरांचं शिबिर आणि शेवटी कार्यक्रम, आठ मुलींचा गट, आणि त्यात आपली आयत! आरजूनं लगेच सरांच्या ताटात आणखी एक कबाब वाढला. मग सरांची नजर कोपऱ्यातल्या बुटांवर गेली.

"हे काळं हाय की."

"हो, भाच्याचे आहेत. चांगले आहेत ना?"

"चांगलं लई हाय. पर पोरींच्या ग्रुपला पांढरं पायजे बघा. आठीच्या आठी पांढरं. एक काळं असलं की लोक तेवढंच बघत बसत्यात."

तिथं भाड्याने बूट मिळतात, पण ते निळ्या प्लास्टिकचे आणि बोथट. पांढरे बूट नसतील तर आयतनं शिबिर करावं, कार्यक्रम बाकावरून बघावा, असं सर म्हणाले. (वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.) आयत रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बूट उचलले, ओढणीच्या टोकानं पुसले आणि उंचावर, फ्रीजच्या डोक्यावर ठेवून दिले. आपण कपाटावर जुनं सामान टाकतो ना, तसं. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढंच ना? रंग काय, देऊ की!" तिनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की जणू जगातले सगळे काळे बूट मला पांढरे करता येतात. आरजू स्वयंपाकघरातून म्हणाली, "चामड्याचा वेगळा रंग मिळतो, तो मागवते." मी म्हणालो, कशाला, दुकानात रंगाला काय तोटा? आपा, पुढचं सगळं या एका वाक्यातून झालं आहे.

पहिल्यांदा मी सौम्य उपाय केला. शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना लावतात ते पांढरं पाणी, आपण लहानपणी पीटीच्या तासाआधी लावायचो तेच. ते काळ्या चामड्यावर लावलं की क्षणभर पांढरं दिसतं आणि वाळलं की धुरकट होतं, म्हणजे चुलीमागच्या भिंतीला चुना दिल्यासारखं. मी आणखी एक हात दिला, मग आणखी एक, आणि बूट वाळायला खुर्चीच्या पाठीला टांगले. सातरस्त्याला जाऊन आलो तोवर बूट बऱ्यापैकी पांढरे झाले होते आणि अब्बा त्यांना टेकून बसले होते. अब्बांची ती काळी शेरवानी, जी फक्त लग्नाला निघते, ती त्या दिवशी लग्नाला निघाली होती. पाठीवर दोन पांढरे बूट स्पष्ट उमटले, पात्यासकट. अब्बा तसेच मंगळवेढ्याच्या वरातीत फिरून आले. लोकांनी त्यांना विचारलं, बडेसाब, तुम्हाला कुणी लाथ मारली का? अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि बूट मात्र पुन्हा काळेच.

मग मी माझी खरी विद्या काढली. तुला माहीत आहे, जुन्या फ्रीजला मी नवा रंग असा देतो की नवरा-नवरीच्या आहेरात खपून जावा. कॉम्प्रेसर लावला, फवारणीची बंदूक स्वच्छ केली, पात्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बूट तारेला टांगून दुकानासमोर फ्रीजचा पांढरा रंग मारला. आपा, खोटं सांगत नाही, असे बूट तुमच्या कॅनडातसुद्धा नसतील. आरशासारखे! रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. आमच्या शेजारचा पानवाला सिदू म्हणाला, "अतीकभाई, ह्येच्यात पाणी ठिवलं तर गार हुईल का?" मी घरी फोन करून आयतला बोलावून घेतलं. ती धावत आली, बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "अब्बू, लेस कुठून घालू?" सगळी भोकं रंगानं भरून गेली होती. ती मी खिळ्यानं एकेक मोकळी केली. तिनं बूट घातले, लेस बांधली, आणि उभी राहून पहिलं पाऊल टाकलं.

कर्र, असा आवाज आला.

फ्रीजचं दार वाकत नाही, आपा. मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण फ्रीजला घोटा नसतो ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्या पावलाला उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखे पांढरे तुकडे फरशीवर पडायला लागले. आयत जागच्या जागी थिजली, हात बाजूला धरून, जणू हलली तर सगळं जगच गळून पडेल. सिदू तोंड फिरवून पानाला चुना लावायला लागला, एवढं त्याचं मी मानलं. मी म्हणालो, "थांब, थिनरनं काढतो." थिनरनं माझा रंग निघाला आणि त्याच्यासोबत मूळचा काळाही निघाला, पण सगळीकडचा नाही. मध्येच राखी, मध्येच तपकिरी, टाचेला आणि पुढच्या टोकाला काळा, जिभेवर पांढरे ठिपके. अब्बांनी अबोला मोडून ते हातात घेतले आणि डोळे भरून म्हणाले की माढ्याला त्यांच्या लहानपणी अगदी अशीच एक बकरी होती.

त्या संध्याकाळी आयत माझ्यावर चिडली असती तरी चाललं असतं. ती उलट मलाच समजवायला लागली. "राहू दे अब्बू, मी बाकावरून बघीन की. बाकावरून चांगलं दिसतं." मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसलो. आरजूनं माझ्यासमोरचं ताट बाजूला सरकवलं आणि त्या जागी बूट ठेवले. चामड्याच्या रंगाची बाटली तिनं पहिल्याच दिवशी मागवून, माझा धीर सुटायची वाट बघत, पार्लरच्या खणात ठेवली होती.

"मी नवऱ्या मुली रंगवते," ती म्हणाली. "एकदम फासलं की हसताना फाटतं. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. आणि तुम्ही लांब बसायचं."

नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं तिनं आधी सगळं पुसून काढलं, बुटात कागद कोंबून त्यांना पायाचा आकार दिला आणि स्पंजानं इतका पातळ पांढरा हात दिला की मला काही दिल्यासारखं वाटलंच नाही. पहिला हात वाळला तेव्हा बूट उंदराच्या रंगाचे होते. दुसऱ्याला पावसाळी ढगाच्या. पण तिसऱ्या हाताच्या वेळी कूलरच्या वाऱ्यानं त्यातल्या गवताच्या काड्या उडून ओल्या रंगावर बसल्या, आणि आरजूनं फर्मान काढलं की रंग वाळेपर्यंत कूलर बंद. मे महिना, आपा! रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात कूलर बंद. आम्ही सगळे बुटांभोवती घाम पुसत बसलो होतो, अक्षरशः आजाऱ्याभोवती बसतात तसे. अब्बा बनियनवर येऊन उभे राहिले. "मेरेसे जूते बडे हो गए क्या?" आरजूनं त्यांच्या हातात पुठ्ठा दिला आणि अदबीनं सांगितलं, "अब्बा, आयतचं आहे." तेवढ्यावर ते खाली बसले आणि वारा घ्यायला लागले. (स्वतःला. बुटाला घातला तर काड्या उडतात, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.) प्रत्येक हातानंतर आयत बूट घालून हळूच घोटा वाकवून बघायची आणि आम्ही सगळे कान देऊन बसायचो. आवाज आला नाही. एकदाही नाही. शेवटी बूट पांढरे झाले. नवे नाहीत दिसत, पण पांढरे. त्या रात्री आयतनं ते उशाशी घेऊन झोपायचा हट्ट केला आणि आरजूनं पात्यांना तिच्या जुन्या दुपट्ट्याच्या पिशव्या शिवून दिल्या.

मग दिल्ली. मी सोबत गेलो. त्या मॉलच्या बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती आणि काचेचं दार ओलांडलं की सरळ तुमचं कॅनडा. आपा, मी आयुष्यभर एका वेळी एका कपाटाएवढी जागा गार करत आलो. इथं एवढं मोठं मैदान गार! माझी नजर बर्फाखालचे पाइप कुठून येतात तेच शोधत होती. पण बाप म्हणून आलो होतो, म्हणून आयतकडं लक्ष दिलं. आणि काय बघतो, तर चाकांवर वाऱ्यासारखी जाणारी पोरगी कठड्याला पालीसारखी चिकटलेली. दुसऱ्या गावच्या मुली तिच्या बाजूनं सर्रकन जात होत्या. धुळाप्पा सर आतून ओरडत होते, "सोड की हात! सोड!" नंतर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. तिनं हात सोडला, थोडी पुढं गेली आणि मैदानावर मट्कन खाली बसली. उठेना.

त्या वेळी मी जे केलं ते सांगताना मला अजून भरून येतं. बापाचं काळीज नियम बघत नाही. मी चप्पल काढली आणि तसाच, नुसत्या मोज्यांवर, माझ्या लेकीला उचलायला त्या बर्फावर उतरलो. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसरं पडलंच नाही, त्याऐवजी मी पडलो, पाठीवर, आणि तसाच पाठीवरून आयतच्या शेजारून मैदानाच्या मधोमध जाऊन थांबलो. जाता जाता तिला सलाम केल्यासारखा माझा हात हवेत होता असं लोक म्हणतात. शिट्टी वाजली. सर ओरडले, "अतीकभाई, चप्पल घालून चालत न्हाय म्हटलं, तर बिनचपलीचं चालतंय असं न्हाय!" मी छताकडं बघत पडून होतो. आणि मला आयतचं हसणं ऐकू आलं. घरच्यासारखं, पोट धरून. मग पात्यांचा आवाज जवळ आला, सरळ, न अडखळता, आणि दोन पांढरे बूट माझ्या कानाशी थांबले. "अब्बू, गुडघे वाकवा की. माझा हात धरा. खाली बघू नका." नऊ वर्षांच्या पोरीनं मला ओढत ओढत कठड्यापर्यंत आणलं. मला तिथं सोडून ती वळली आणि गेली ती गेलीच. शिबिर संपेपर्यंत तिनं कठड्याला पुन्हा हात लावला नाही.

या गडबडीत माझ्या घड्याळाचा पट्टा लागून तिच्या उजव्या बुटाच्या पुढून रंगाचा एक पापुद्रा गेला आणि आतून ताबीशचं काळं डोकावायला लागलं. आरजूनं दिलेली उरलेली बाटली बॅगेत सांडून माझ्या चांगल्या शर्टाला लागली होती. (शर्ट अजून पांढरा आहे, अजिबात तडा नाही. रंग उत्तम आहे.) कार्यक्रमाला थोडाच वेळ उरला होता. मी खोलीवर जाऊन जे पांढरं हाती लागलं ते आणलं, म्हणजे टूथपेस्ट, आणि बोटानं लावली. मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा सर दोनदा हुंगून म्हणाले, "पुदिन्याचा वास कुठनं येतंय?" आम्ही दोघं बापलेक छताकडं बघत होतो.

आणि मग कार्यक्रम सुरू झाला, आपा, आणि त्यांनी दिवे निळे केले.

सगळं मैदान निळं. आठही मुलींचे बूट निळे, कपडे निळे, सरांचं टक्कलसुद्धा निळं. माझ्या डोळ्यांसमोरून शेरवानी गेली, फ्रीजची टरफलं गेली, बंद कूलरसमोर पुठ्ठा हलवणारे अब्बा गेले. काळे बूट असते तरी या उजेडात खुद्द ताबीशला ओळखू आले नसते. मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. पण मग तिसऱ्या वळणावर आयत माझ्या समोरून गेली, एक पाय मागं उचलून, दोन्ही हात पसरून, आणि मी दिव्यांचं विसरून गेलो. शेवटी गटांना नंबर दिले, त्यात त्यांच्या गटाचा आला नाही. आयतला ते विचारायचंही सुचलं नाही, ती गाडीत सोलापूर येईपर्यंत बोलत होती आणि मग बोलता बोलताच झोपली.

आता बुटांची हकीकत. ते सध्या पांढरे आहेत, पुढं काळे आहेत, घोट्याला थोडे राखी आहेत आणि अजून पुदिन्याचा वास येतो. आरजू म्हणाली पुन्हा एक हात देऊ, तर आयत द्यायला तयार नाही. म्हणते, हे आता असेच माझे आहेत. तेव्हा ताबीशला सांग की त्याचे बूट जिवंत आहेत, फक्त ओळखू येत नाहीत. दूल्हेभाईंना सलाम. ताबीशला दुआ आणि त्याला लपवून थोडी जास्तीची चटणी.

तुझा धाकटा भाऊ,
अतीक

ता. क. – आरजूनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, कूलर तेवढा वेळ बंद नव्हता, आणि अब्बांना पुठ्ठा नाही, चांगला पंखा दिला होता. अब्बांचं म्हणणं, पुठ्ठाच होता.

आणखी एक – आपा, हे सगळं लिहिलं ते खरं तर पुढचं विचारायला. तुमच्या गावात बर्फाचं मैदान आहे ना, त्याचं गार करायचं मशीन बाहेरच्या माणसाला आत जाऊन बघू देतात का, ते दूल्हेभाईंना जरा विचार. दिल्लीच्या चौकीदारानं मला दारातूनच परत पाठवलं. इतकी वर्षं तू ये ये म्हणत होतीस आणि मी दुकानाचं कारण सांगत होतो. या हिवाळ्यात येतो म्हणतो. लोकांना सांगताना मात्र आयतच्या स्केटिंगसाठी येतोय असंच सांग. मशीनचं नाव काढू नको, बरं दिसत नाही.

फुपू, मी आयत. अब्बूंनी पार्सल चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मी हे वाचलं. मी पडले नव्हते. लेस सुटली म्हणून बांधायला खाली बसले होते. अब्बू फाटकातून वाकून बर्फाखालचे पाइप बघत होते, चप्पल त्यांनी त्यासाठीच काढली होती, आणि त्यांचा तोल गेला. धुळाप्पा सरांनी पण बघितलं. पण मला उचलायला आले असं अब्बू सगळ्यांना सांगतात आणि प्रत्येक वेळी अम्मीच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी गप्प बसते. मी खरंच घाबरले होते आणि ते पडल्यावर माझी भीती गेली, तेवढं बरोबर आहे. तुम्ही पण काही बोलू नका. फक्त हिवाळ्यात त्यांना मशीन दाखवायला न्याल तेव्हा आधी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट घाला.